आबांच्या हातचा भात

गावात माझ्या आजोबांना सगळे सुभेदार म्हणत. ते सुभेदार कधीच नव्हते. शिपाई म्हणून पलटणीत गेले, बोटीवरच कंपनीचा स्वयंपाक करणारा लंगरी तापाने आडवा झाला, आणि त्याच्या जागी दोन दिवस म्हणून उभे केलेले आबा लढाई संपेपर्यंत चुलीपाशीच राहिले. दोनशे माणसांचं जेवण एकट्याने काढायची विद्या त्यांना अशी मिळाली. लढाई बसऱ्याकडची. आमच्या गावाला त्या सगळ्या मुलखाचं एवढंच एक नाव माहीत होतं. नदीकाठच्या एका गावात पलटणीला शत्रूने वेढलं, उपाशी मारलं, मग कैद करून वाळवंटातून चालवत नेलं आणि रेल्वेचे रूळ टाकायला लावले. आबा परत आले तेव्हा माझे वडील मिसरूड फुटायच्या वयाचे होते आणि त्यांनी बापाला ओळखलं नाही. पुढे आबांनी खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगमध्ये खडी फोडली, तुंगार्लीला मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर राखण केली, बाग लावली, आणि पावसाळ्यात गावी येऊन आमची दीड एकर भातखाचरं केली. वडील साथीच्या तापात लवकर गेले. मला आठवतं ते घर आई, आबा आणि मी एवढंच. बेडशाच्या लेण्यांच्या डोंगराखाली आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला कुडाच्या भिंतींचं आमचं घर.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे आईचं जातं, आणि ते थांबलं की आबांचं खाकरणं. आंबेमोहोर कांडताना उखळाचा धपधप आवाज. आबा स्वतः घरात कधी स्वयंपाक करत नसत, आई करू द्यायची नाही; पण चुलीवर भाताला आधण आलं की ओसरीवरून न बघता सांगत, "आता विस्तू वढ गं पोरी." आई ओढायची. भात नेहमी सुटा, मऊ आणि घरभर वास सुटणारा. त्यावर नाचणीची भाकरी मोडून, वर खाडीच्या सुक्या बोंबलाचं कालवण. आता माझ्या घरी गॅस आहे, शिट्ट्यांचा कुकर आहे, आणि भात खाताना मी बहुधा गप्प असतो. मुलांना वाटतं बाबांना जेवताना बोललेलं आवडत नाही.

गावातलं कुठलंही लग्न, बारसं, जत्रेचं जेवण असलं की आबांना बोलावणं यायचं. त्याचं ते काही घेत नसत. आदल्या दिवशी जाऊन स्वतः चर खणायचे, त्यावर तांब्याचे हंडे चढवायचे, आणि कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. भात शिजला की नाही हे ते झाकण काढून बघत नसत. लांब उलथण्याचं एक टोक हंड्याला लावत, दुसरं कानाला. आत पाणी आहे तोवर आवाज वेगळा, आणि आटलं की वेगळा. "बोलायचा थांबला, उतरवा," असं म्हणत. चारशे पानं उठायची आणि एक शीत कच्चं निघायचं नाही. पाटलांपासून महारवाड्यापर्यंत सगळ्यांनी तो भात खाल्लेला. आज लिहिताना हेही लिहिलं पाहिजे की महारवाड्याला तो लांबून, टोपलीत घातला जायचा, आणि त्याचं तेव्हा मला काहीच वाटत नसे. दुसऱ्याला पंगतीबाहेर बसवलेलं बघत मी मोठा झालो. आपल्यावर आल्यावर डोळे उघडले, यात माझा काही मोठेपणा नाही.

मी बारा वर्षांचा असताना उन्हाळ्यात आबांबरोबर तुंगार्लीला राहायला गेलो. शेठची माणसं हवा खायला आली होती आणि त्यांच्याबरोबर टांग्याचा एक म्हातारा, पांढुरका घोडा होता. सकाळी घाटातून वर चढणाऱ्या इंजिनांचा धापा टाकल्यासारखा आवाज यायचा, आणि त्याच वेळी आबा आपली अर्धी भाकरी घेऊन तबेल्यात जायचे. घोड्याला ती भाकरी घालायचे, खाली वाकून त्याच्या पुढच्या खुराला हात लावायचे आणि तो हात कपाळाला. मी तीन-चार दिवस बघितलं आणि विचारलं, "आबा, घोड्याच्या पाया का पडता?"

"मी त्याची जात खाल्लीया रं," आबा म्हणाले.

मला वाटलं ते थट्टा करतायत. पण ते तबेल्याच्या उंबऱ्यावर बसले आणि खाली बघत बोलायला लागले. "दाना संपला. साहेब म्हनला, घोडी मारा, खा. आपली मानसं म्हनली, मेलो तरी खानार न्हाई. मग म्हनं हिंदुस्तानातनं तार आली, शास्त्री-पंडित म्हनत्यात चालतंय. तरी खाईनात. सकाळ झाली की चारदोन गेल्यालीच असायची. मग मीच हंडा चढवला. पयला घास मीच घेतला, समद्यांम्होरं. म्हनलं, लंगरी बाटला, आता कुनाला भ्यायचं न्हाई. तवा कुटं हात फुडं आलं."

त्या तारेचा मला आजही संताप येतो. ज्यांनी इथे पंख्याखाली बसून परवानगी दिली, त्यांच्यातल्या एकाने तरी कधी उपाशी माणसापुढे असा हंडा चढवला असेल का? आणि परवानगी जर खरोखर दिली होती, तर ती आमच्या गावापर्यंत येऊन पोहोचली का नाही? भरतीचा हुकूम तर बरोबर पोहोचला होता.

"आन धोंडूकाका?" मी विचारलं. धोंडू हा पाटलांचा धाकटा भाऊ. गावातून भरतीला माणसं द्यायची म्हणून जुन्या पाटलांनी आधी आपला पोरगा दिला आणि मग गावातल्या सहा जणांना लाज वाटून जावं लागलं, त्यात आबा. परत आले ते एकटे आबा. पाटलांच्या माजघरात सरकारने दिलेला एक कागद चौकटीत लावलेला होता, त्यावर फक्त जुन्या पाटलांचं नाव. आणि धोंडूबद्दल गावाची समजूत अशी की तो उपाशी मेला पण भलतंसलतं खाऊन बाटला नाही. मग आबा कसे जगले, हे कुणी विचारलं नव्हतं. लंगरी माणसाला खरवड मिळते, एवढं सगळ्यांनी धरून चाललेलं.

आबांनी घोड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "धोंडू खाईना. म्हनला, आयला काय तोंड दावू. तापानं फनफनल्याला. मी रस्सा केला आन त्याला म्हनलं, जवाचं पानी हाय, पी. चार दिस प्याला. पाचव्या दिशी गेला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घोडा मी खाल्ला, त्याचं मला कायबी वाटत न्हाई. धोंडूला फसवलं त्याचं वाटतं. हे कुटं बोलायचं न्हाई. घोड्याचं न्हाई, आन धोंडूचं तर मुळीच न्हाई. मोठी आय जिती हाय." मोठी आय म्हणजे धोंडूची आणि पाटलांची आई.

मी शपथ घेतली. माझ्या मनात मात्र भीती किंवा किळस काहीच नव्हती. मला माझे आबा एकदम फार मोठे वाटायला लागले. सगळी पलटण माझ्या आबांनी जगवली होती, आणि हे गावाला माहीत नव्हतं!

ती शपथ दहा महिने टिकली. पुढच्या वर्षी पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. आबा दोन दिवस चराशी होते. पहिली पंगत उठली होती आणि सुपारी कातरत बसली होती, दुसरीची पानं मांडून वाढायला घेतलं होतं. आम्ही पोरं मांडवाच्या टोकाला तिसऱ्या पंगतीची वाट बघत होतो. पाटलांचा शंकर माझ्याच वर्गातला. त्याला नवा कोट होता आणि मी त्याच्या बाहीला हात लावला म्हणून तो चिडला होता.

"लांब हो. भाताचं हात लावतो," तो म्हणाला.

"माझा आबा सुभेदार हाय."

"कसला सुभेदार! भात ढवळत बसलाता चुलीम्होरं. लढला आमचा धोंडूकाका. मेला पर बाटला न्हाई. तुजा आबा खरवडी खाऊन आला माघारी."

बाकीची पोरं हसली. मी ओरडलो. मला आठवतं, मी अगदी छाती पुढे काढून ओरडलो. "खरवड न्हाई! घोडा खाल्ला आबानं! घोडा शिजवला आन आक्ख्या पलटणीला घातला, म्हनून पलटण जगली!"

शेजारून एक माणूस पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन चालला होता, तो थांबला. "काय म्हनलास रं?" त्याने विचारलं. आणि मी मूर्खासारखं पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने.

पुढचं फार भराभर झालं. मांडवात कुजबुज शिरली आणि दुसरी पंगत वाढलेल्या पानांवरून उठली. वाफा निघणारा भात, वर आमटी, तसाच. पहिल्या पंगतीतला एक जण मांडवामागे जाऊन घशात बोट घालायला लागला, त्याचं बघून आणखी दोघं. वीस वर्षं ज्याच्या हातचं खाल्लं त्या माणसाचा भात अर्ध्या घटकेत त्यांच्या पोटात टोचायला लागला! हेच लोक लोणावळ्याच्या बाजाराला गेले की साहेबांच्या बंगल्यांवरच्या खानसाम्याकडून उरलंसुरलं मटण पानात बांधून आणायचे. ते कशाचं आणि कुणी केलेलं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी चराकडे पळालो. आबा उलथण्याचं टोक कानाला लावून उभे होते. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. मला बघून त्यांनी गप्प राहायची खूण केली, कारण भात उतरायला आला होता.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात भावकी बसली. जाण्याआधी आईने मला कोपऱ्यात घेतलं. ती रडली नव्हती, तिचा आवाज मात्र चिरका झाला होता. "म्हनायचं, मी थापा मारल्या. शंकर चिडवत होता म्हनून मारल्या. येवढंच. कळलं?" मी मान डोलावली. देवळात पाटलांनी मला पुढे बोलावलं. माझ्या मागे खांबाला टेकून आबा बसले होते.

"खरं सांग रं. कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. मी थाप मारली," मी म्हणालो.

सगळे हलले. दोघा-चौघांचे चेहरे सुटले. त्यांनाही तसंच हवं होतं, असं मला आता वाटतं. सगळ्यांच्याच पोटात तो भात होता. तेवढ्यात मागून आबा म्हणाले, "पोरगं थापाडं न्हाई. तेच्यावर आळ नगं. खाल्ला मी. शिजवलाबी मी."

पाटील म्हणाले, "सुभेदार, ईचार करून बोला."

"ईचार तवाच केलता."

मग भावकीने शिक्षा सांगितली. डोई भादरायची, गोमूत्र घ्यायचं, देवापुढे नाक घासून चुकलो म्हणायचं, आणि गावाला जेवण घालायचं. तोवर सुभेदारांच्या घराला पंगतीत पान नाही, आणि चुलीला हात तर कधीच नाही. आबा म्हणाले, "जेवन घालीन. बाकीचं जमनार न्हाई. चुकलो म्हनलो तर जी चार पोरं त्या रश्श्यावर जगली, ती काय चुकून जगली का? माफी मागायची त्याची मी मागितलीया. घोड्याची."

पाटील लाल झाले. उठून उभे राहिले. "माझा भाऊ तितंच व्हता की! तेनं न्हाई खाल्ला! तेला जीव प्यारा नव्हता? तो धर्मानं मेला आन तू घोडं खाऊन हितं मिशीला पीळ भरतोस!"

देवळाच्या पायरीवर मोठी आय बसली होती. बायकांनी आत यायचं नव्हतं म्हणून बाहेर, पदर डोक्यावरून ओढून. आबांनी तिच्याकडे बघितलं. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, जवाचं पाणी, चार दिवस, सगळं. मी तोंड उघडलं. आबा खालच्या आवाजात म्हणाले, "गप." आणि मी गप्प राहिलो. एका वाक्यात पाटलांचं तोंड बंद झालं असतं. आबा ते वाक्य बोलले नाहीत. आम्ही तिघं वाळीत पडलो. आबांनी आपल्यावर घेतलेली गोष्ट त्यांच्या जागी मला घेता आली असती का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारतो. त्याचं उत्तर पुढे मिळालं.

वाळीत टाकणं म्हणजे मारहाण नाही, हे लोकांना समजावून सांगावं लागतं. आम्हाला कुणी मारलं नाही. आईला पाणवठ्यावर सगळ्यांत शेवटी थांबावं लागे. लावणीला कुणी आलं नाही, आम्ही तिघांनीच दीड एकर लावलं आणि ते उशिरा झालं. पण मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. पहिलंच लग्न आलं गावात, तेव्हा आमच्या कुंपणापाशी दोघे जण येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"सुभेदार, तुमचं हंडं लागत्याल. तुमच्यावानी दुसऱ्याकडं न्हाईत."

"न्या," आबा म्हणाले.

"चिंच लावून, राखंनं घासून घिऊ आमी." म्हणजे शुद्ध करून घेऊ. ते आबांच्या तोंडावर म्हणाले! हंडे घेऊन गेले आणि एका तासाने परत आले. "सुभेदार, औंदाचा तांदूळ नवा हाय. पानी किती धरावं?"

मी ओसरीवरून ओरडलो, "सांगू नका आबा! खाऊ दे कच्चा!"

आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हाताचं बोट आडवं धरून कुंपणाबाहेर दाखवलं. "तांदळावर दोन प्येरं. नव्याला जास्त नगं, चिखल व्हईल. आन जाळ येकसारखा ठेवा." ते मान डोलावून गेले. असं पुढे प्रत्येक कार्याला झालं. आबांचे हंडे चालायचे, आबांचं पाण्याचं माप चालायचं, हात तेवढा चालायचा नाही. मी दर वेळी सांगू नका म्हणायचो. आबा म्हणायचे, "आरं, जेवनारं उपाशी बसत्यात. त्येंचा काय दोष?"

इथपर्यंत गावाचा दोष सांगितला. आता माझा.

मी मॅट्रिक होऊन लोणावळ्याच्या स्टेशनवर माल ऑफिसात कारकून लागलो. इंग्रज जायला निघाले होते, सभा व्हायच्या, मीही जायचो आणि जातपात मोडली पाहिजे यावर टाळ्या वाजवायचो. त्याच सुमारास सुदुंबऱ्याकडचं एक स्थळ आलं. मुलगी चांगली, घर खाऊनपिऊन सुखी. मुलीचे वडील आमच्याकडे न येता मला स्टेशनवर भेटायला आले. बाकावर बसून त्यांनी डोक्यावरची टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या भावकीशी बोलनं झालंय. ते म्हनत्यात, पोराचा काय दोष. पोराला आन त्याच्या आईला आमी घेतो. म्हातारा तेवढा कार्याला नगं. पंगतीत नगं, चुलीजवळ तर न्हाईच. आमचं म्हननं न्हाई बरं का. चारचौघांचं हाय."

माझ्या अंगात सरकारी कोट होता. महिन्याला पगार मिळत होता. गाव आता माझं काही वाकडं करू शकत नव्हतं. मी म्हणालो, "चालेल."

विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही. शेजारी गाडी उभी होती, इंजिन वाफ सोडत होतं, आणि मी "चालेल" म्हणालो. घरी जाऊन सांगायची हिंमत झाली नाही, ती आईने केली. आबा म्हणाले, "बरंच झालं. गुरं कोन बघंल न्हाईतर? तुमी जावा." माझ्या अंगावर हात फिरवून त्यांनी कोटाची कॉलर सरळ केली.

लग्न सुदुंबऱ्याला झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हाड बैलगाड्यांतून गावात आलं. पाटील, शंकर, सगळी भावकी, जी दहा वर्षांत आमच्या दारात आली नव्हती, ती अंगणात घोंगड्यांवर टेकली. आबा ओसरीवर बसले होते, धुवट धोतर, पटका बांधलेला. माप ओलांडून झालं. बायको पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला आणि मग न राहवून हळूच विचारलं, "पोरी, भात कसा झालता गं?"

तिला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. तिच्या बापानेच अट घातली होती. ती पदराआडून म्हणाली, "कच्चा व्हता. वरनं पानी आन खाली लागल्याला. मी न्हाई खाल्ला."

"मंग उपाशी हायेस?"

"व्हय."

आबा उठले. इतक्या वर्षांत त्यांनी घरच्या चुलीला हात लावला नव्हता, आईने लावू दिला नव्हता. त्या दिवशी आई बाजूला सरली. अर्ध्या तासात त्यांनी भात उतरवला, त्यावर तूप घातलं, ओसरीवरच दोन ताटं मांडली आणि म्हणाले, "बसा दोघं."

बायको बसली. अंगणातली बोलणी थांबली. पाटलांनी मान वळवून बघितलं, शंकरने बघितलं, सगळ्यांनी बघितलं. तिने पदर सावरला, पहिला घास घेतला, आणि मग भराभर खायला लागली, खरोखर भुकेल्या माणसासारखी. ती एकोणीस वर्षांची होती. तिला या गावात उद्यापासून पाणवठ्यावर जायचं होतं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला बोलावलं नाही, फक्त बघितलं.

"मला भूक नाही आबा," मी म्हणालो.

मी आदल्या दिवसापासून जेवलेलो नव्हतो. आबा "बरं" म्हणाले. तिचा भात संपला तेव्हा त्यांनी माझं ताट उचललं आणि तिच्यासमोर ठेवलं, आणि तिने तेही खाल्लं.